वाचून दाखवलेला मेल

१

शनिवारी दुपारी चार वाजले, की लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर जयवंत परबचं पोस्ट ऑफिस उघडायचं. पाटी नाही, शिक्का नाही. पार्टिशनला लावलेलं घडीचं टेबल, त्यावर ऑफिसने जुना झाला म्हणून दिलेला लॅपटॉप आणि बाजूला बायकोने, कमलने, आणून ठेवलेला चहा, एवढाच पसारा. कुणाचं पेन्शन अडकलेलं असायचं, कुणाची गॅसची तक्रार असायची, कुणाला पुतण्यासाठी अर्ज हवा असायचा. जयवंत परळच्या एका विमा कंपनीत बत्तीस वर्षं पत्रव्यवहार बघत होता. त्यामुळे 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती' हे त्याच्या बोटांतून विचार न करता उतरायचं.

ही गादी त्याला वडिलांकडून मिळालेली. तात्या गिरणीत टाइमकीपर होते आणि एका गावची वीस-वीस माणसं एकत्र राहायची त्या गाळ्यांवर जाऊन सगळ्यांची गावाकडची पत्रं तेच लिहायचे. त्यांचा एक नियम होता. लिहून झालं की पत्र मोठ्याने वाचून दाखवायचं. सांगणारा 'बरोबर' म्हणाला, की मगच पाकिटाला जीभ लावायची. "पत्र त्याचं असतं रे, आपला नुसता हात," असं ते म्हणायचे. आंतर्देशीय पत्रं गेली, ईमेल आला, तरी जयवंतने हा नियम सोडला नव्हता. निदान चाळीचा तरी तसा समज होता.

त्या शनिवारी कुणी फिरकलं नाही. शिमगा चार दिवसांवर आलेला, अर्धी चाळ कोकणात. जयवंत स्वतःचंच एक पत्र घेऊन बसला होता. राजेशला उत्तर द्यायचं होतं.

राजेश म्हणजे शेजारच्या चौदा नंबरातल्या कुशाबांचा मुलगा, मालवाहू जहाजावर नोकरीला. कुशाबा जानेवारीत गेले तेव्हा त्याचं जहाज भर समुद्रात होतं. आता दीड महिन्याने त्याचा मेल आला होता. "जयवंतदादा, मी बुधवारी मुंबईत उतरतोय. त्याआधी एक विचारतो. गावाहून आत्या म्हणते, बापाने बोलावलं तरी तू गेला नाहीस. मला तर तुमच्याकडून आलेल्या मेलमध्ये घाई करू नकोस असं होतं. खरं काय ते सांगा. बाबांनी मला बोलावलं होतं का?"

जयवंतने लिहिलं, "कुशाकाकांनी तुला बोलावलं नव्हतं," आणि पूर्णविराम दिला. शेवटच्या शब्दाखाली लाल रेघ उमटली, जरा वळवळली, आणि शब्द बदलला.

"कुशाकाकांनी तुला बोलावलं होतं."

त्याने खोडलं आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच झालं. असं पाच वेळा झालं, आणि तोवर चहावर साय धरली.

२

जयवंत अशा गोष्टींना घाबरणारा नव्हता. उलट चाळीत ज्याच्या त्याच्या मोबाइलचं ऑटोकरेक्ट तोच बंद करून द्यायचा आणि वर चार शब्द सुनवायचा, की मशीनला अक्कल नसते, ती आपण वापरायची. त्याने सेटिंग उघडलं. शुद्धलेखन तपासणी बंद केली, व्याकरणाच्या सूचना बंद केल्या, पुढचा शब्द सुचवणारं कायसं होतं तेही बंद केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग नव्या कोऱ्या मेलमध्ये मुद्दाम वेडंवाकडं लिहून पाहिलं, "मुंबइत पाउस पडतोय." बाहेर फाल्गुनातलं ऊन मी म्हणत होतं. वाक्य होतं तसं राहिलं. "आज सोमवार आहे," तेही राहिलं. चला, सुटलो, असं म्हणून त्याने चहाचा घोट घेतला.

सहज म्हणून त्याने लिहिलं, "चौदा नंबरची खोली बंद आहे."

रेघ आली. या खेपेला ती पूर्ण वाक्याखालून सरकत गेली.

"चौदा नंबरात अजून वाट बघतायत."

तो खुर्चीत मागे सरकला. टेबल ज्या लाकडी पार्टिशनला लावलेलं होतं, त्याच्या पलीकडेच चौदा नंबर. त्या खोलीची किल्ली जयवंतच्याच दारामागच्या खिळ्यावर होती. तशी ती गेली वीस वर्षं होती. कुशाबांच्या विसरभोळेपणामुळे दुसरी किल्ली शेजारी ठेवायची पद्धत पडलेली. खोली बंद झाल्यापासून ती त्याने दोनदाच काढली होती, एकदा लाइटचा मेन बंद करायला आणि एकदा उंदराची गोळी ठेवायला.

"अहो, काय टिकटिक लावलीय मघापासून?" कमलने मोरीतून विचारलं.

"लिहितोय. कीबोर्ड वाजतो."

"कीबोर्ड मला कळतो हो. ही डबीसारखी वाजतेय."

जयवंतचे दोन्ही हात मांडीवर होते. "पेन आहे हातात," तो म्हणाला. इतक्या साध्या गोष्टीसाठीही आपण बायकोशी खोटं बोललो, याची त्याला लाज वाटली. मग त्याने लॅपटॉप मिटला.

३

आता झालं काय होतं ते सांगायलाच हवं, कारण जयवंत ते जन्मात कुणाला सांगणार नव्हता.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी कुशाबा नेहमीसारखे आपलं बुटकं लाकडी स्टूल ओढत आले आणि जयवंतच्या डावीकडे बसले. तीस वर्षं गिरणीच्या लूमखात्यात काढलेला माणूस, कान गेलेले. उजव्या कानाने तेवढं थोडं ऐकू यायचं, तेही कुणी ओरडून बोललं तर. फोनवर काहीच कळायचं नाही, म्हणून मुलाशी बोलणं जयवंतच्या मेलमधून. सांगताना ते तंबाखूच्या डबीच्या झाकणावर नखाने टिकटिक करायचे. पत्र वाचून झालं की "बरोबर. धाड," म्हणून झाकण टपकन लावायचे आणि उठायचे.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं, "लिव. राजू, माका बरा नाय. छातीत दुखता. काम सोड आणि ये. माका तुका बघूचा आसा."

जयवंतने ते लिहिलं नाही.

चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. तिसऱ्या मजल्याच्या सगळ्या सह्या झाल्या होत्या, एक चौदा नंबर सोडून. कुशाबा म्हणायचे, राजू येवंदे, तो बघंदे, मग अंगठा देतंय. आणि राजू येऊन काय करतो ते जयवंतला माहीत होतं. मागल्या खेपेला त्याने सभेत उठून असे काही प्रश्न विचारले होते, की सगळं आठ महिने मागे गेलं. इकडे कमलचे गुडघे संपले होते. संडास गॅलरीच्या टोकाला. पावसाळ्यात ती तिथे दोनदा पडली होती, दुसऱ्यांदा तर अर्धा तास कुणाला कळलंसुद्धा नाही. चाळ कमिटीचा चिटणीस म्हणून कागद पुढे सरकवणं जयवंतच्या हातात होतं. छातीत दुखणं म्हणजे पित्त असणार, असं त्याने ठरवलं. राजेश येत नाही म्हटल्यावर म्हातारा कंटाळून सही करील. मग चार दिवसांनी खरं पत्र धाडू. एवढा सगळा हिशेब त्याने डबीच्या चार टिकटिकींत केला.

आणि त्याने लिहिलं, "राजू, इथे सगळं ठीक आहे. माझी तब्येत बरी आहे. घाई करू नकोस. शिमग्याला सवडीने ये."

मग त्याने नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. स्क्रीनवर डोळे ठेवून, एकेका शब्दावर थांबत, कुशाबांच्या उजव्या कानात ओरडून: "राजू, माका बरा नाय. छातीत दुखता. काम सोड आणि ये." गॅलरीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. आत कमलने पदराला डोळे पुसले.

"बरोबर. धाड," कुशाबा म्हणाले.

दोन दिवसांनी राजेशचं उत्तर आलं. "बरं वाटलं बाबा. शिमग्याला नक्की येतो." जयवंतने ते वाचून दाखवलं ते असं: "अर्ज टाकलाय बाबा. सुट्टी मिळाली की निघतोच." एकदा उतरणीला लागलं की माणूस थांबत नाही.

त्यानंतर कुशाबा गॅलरीत स्टूल टाकून फाटकाकडे बघत बसायला लागले. जयवंत ऑफिसातून आला की विचारायचे, "इलो काय रे?" जयवंत त्यांच्या कानाशी वाकून ओरडायचा, "बोटीचा प्रवास काका, वेळ लागतो." त्याने त्यांना पित्ताच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली होती. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी सकाळी चौदा नंबरच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली, तेव्हा खिळ्यावरची किल्ली काढून दार जयवंतनेच उघडलं.

अग्नीही त्यानेच दिला. पोटच्या पोराने केलं नसतं एवढं केलंस, असं लोक म्हणाले, आणि राजेशच्या नावाने बोटं मोडायला लागले. बाप 'ये' म्हणून ओरडत होता, सगळ्या चाळीने ऐकलं, पण हा पठ्ठ्या आला नाही. जयवंतचे कान तापायचे. तो मान खाली घालायचा आणि लोकांना वाटायचं, किती साधा माणूस.

४

सोमवारी त्याने लॅपटॉप ऑफिसात नेला. तिथे कॉम्प्युटर बघणारा हितेंद्र जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाताच सगळं तपासायचा. त्याने पाच मिनिटं काहीबाही उघडून पाहिलं आणि हात झटकले.

"परबसाहेब, सगळं ऑफ आहे याच्यात. आणि मराठीची तर डिक्शनरीच टाकलेली नाही. डिक्शनरी नाही तर करेक्ट कोण करणार? भूत?"

"माझ्यासमोर होतंय रे."

"मग माझ्यासमोर करून दाखवा ना. लिहा काय लिहायचंय ते."

आता आली का पंचाईत. पण जयवंतने लिहिलं. हितेंद्र शेजारी उभा राहून कीबोर्डकडे बघत होता. "कुशाकाकांनी तुला बोलावलं," आणि मग एक-एक अक्षर दाबत "नव्हतं." स्क्रीनवर आलं, 'होतं'.

"बघितलंस? बघितलंस?"

हितेंद्र हसायला लागला. "काय साहेब, खेचता काय गरिबाची? तुम्हीच तर टाइप केलंत 'होतं'. मी बोटंच बघत होतो तुमची."

"मी 'नव्हतं' लिहिलं."

"नाही हो. 'न' कडे बोट गेलंच नाही. एच, ओ, टी." त्याने जयवंतच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. "झोप नीट होते ना? चष्म्याचा नंबर बघून घ्या. बाकी मशीन एकदम ओके."

जयवंत जागेवर येऊन बसला. समोर दाव्यांची पत्रं पडलेली होती. त्याने आपल्या उजव्या हाताची बोटं पाहिली. जाड, नखं नीट कापलेली, तर्जनीवर शाईचा जुना डाग. तात्यांची बोटं अशीच होती. वडील आज असते तर त्यांनी काही विचारलं नसतं, नुसता तो मेल वाचून घेतला असता. या विचाराने त्याला इतकी शरम वाटली, की चारचा चहा आला तेव्हा त्याने पोऱ्याकडे वर मान करूनही पाहिलं नाही.

५

मंगळवारी तो अर्धी रजा टाकून घरी आला. कमल डॉक्टरकडे गुडघ्याचं इंजेक्शन घ्यायला गेली होती. दुपारचे साडेतीन. गॅलरीत कुणाच्या तरी पापड्या वाळत होत्या, खाली फाटकाशी होळीचा खड्डा खणणं चाललं होतं.

एक वाक्य, तो स्वतःला समजावत होता. एवढं एक वाक्य गेलं पाहिजे. 'काकांनी आधी तसं सांगितलं, पण वाचून झाल्यावर त्यांनीच बदलायला लावलं.' बस. म्हणजे चाळीने ऐकलं तेही खरं आणि राजेशला मिळालं तेही खरं. कुशाबा काही उठून यायचे नाहीत. तीन रात्री विचार करून त्याने हे वाक्य घडवलं होतं आणि त्यात कुठेही फट नव्हती.

या खेपेला त्याने एकाच बोटाने, बोटाकडे बघत लिहायचं ठरवलं. क. आ. क. आ. प्रत्येक कळ नीट दाबली. वाक्य पुरं झालं तेव्हा मान वर केली.

स्क्रीनवर लिहिलेलं होतं, "माका बरा नाय."

त्याने हात उचलून छातीशी धरले. बोटं तिथे होती, सगळी दहाच्या दहा, त्याच्या शर्टाला धरून. आणि खालच्या ओळीत अक्षरं येत राहिली, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यासारखी, मध्ये मध्ये दम खात.

"लिवलंस मा?"

"मगे वाचून दाखय."

पार्टिशनच्या पलीकडे डबी वाजत होती. टिक. टिक. टिक. उंदीर असेल, त्याने मनात म्हटलं. वाळवी असेल, उन्हाने लाकूड तडकत असेल. त्याने ही सगळी नावं एकामागून एक घेतली आणि तेवढ्याच वेळा डबी वाजली.

किल्ली काढून तो गॅलरीत आला. भर दुपार होती, खालून पोरांचा गलका येत होता, भ्यायचं काय? कुलूप उघडलं. खोलीत बंद घराचा आणि तंबाखूचा वास होता. खाटेवरची गादी गुंडाळलेली, फळीवर दोन पातेली, खिळ्याला टोपी. पित्ताच्या गोळ्यांची पट्टी खिडकीत, जशीच्या तशी, एकही गोळी न फोडलेली.

स्टूल त्याने स्वतःच्या हाताने दारामागे ठेवलं होतं, दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, लाइटचा मेन बंद करायला आला तेव्हा. दारामागे ते नव्हतं. फरशीवरच्या धुळीत तीन पायांच्या ओढलेल्या रेघा होत्या. त्या दारापासून निघून सरळ पार्टिशनपर्यंत गेल्या होत्या आणि तिथे स्टूल होतं. अगदी खेटून. त्यावर बसणाऱ्याचा उजवा कान लाकडाला टेकावा असं. लाकडावर त्या उंचीला, तळहाताएवढा एक तेलकट डाग होता आणि त्या डागाच्या बरोबर पलीकडे जयवंतचं टेबल होतं.

धुळीत स्टुलाच्या रेघा होत्या, पावलं मात्र नव्हती.

जयवंत दार लावून घरात आला. लॅपटॉपमध्ये त्याने तो जानेवारीतला मेल काढून पाहिला. तो मेल कधीच गेलेला, त्यात आता कुणी शब्द बदलू शकत नाही. शब्द बदललेले नव्हतेच. "इथे सगळं ठीक आहे." पण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळ्याखाली लाल रेघ होती. त्याने राजेशला काहीच लिहिलं नाही. बुधवारी तोंडाने सांगू. तोंडाला काही कुणी रेघ मारत नाही.

६

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला राजेश आला. चाळिशीचा, उन्हाने काळवंडलेला, खांद्याला एकच बॅग. शिमग्याला सवडीने ये म्हटलं होतं, तसा तो शिमग्याला आला होता. आधी आपल्याजवळच्या किल्लीने चौदा नंबर उघडून तो दहा मिनिटं आत एकटाच बसला आणि मग बापाचं स्टूल हातात घेऊन जयवंतच्या दारात उभा राहिला.

"येऊ ना, दादा?"

"ये, ये."

त्याने स्टूल टेबलाच्या डावीकडे टेकवलं, जिथे ते नेहमी असायचं. कमलने पाण्याचा तांब्या-भांडं त्याच्यापुढे ठेवलं. चहा घेतोस का, हे काही तिने विचारलं नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

राजेश पाणी प्यायला. "वहिनी, फाटकापासून इथवर एक माणूस हसून बघेना माझ्याकडे. काय गुन्हा केलाय मी?"

"तू आपल्या मनाला विचार," कमल म्हणाली. मग तिला राहवेना. "बोलावलं तेव्हा आला असतास तर सगळ्यांनी ओवाळलं असतं तुला. अकरा दिवस म्हातारा त्या गॅलरीत डोळे लावून बसला. माका बरा नाय, ये, असं सांगितलं त्यांनी. या कानांनी ऐकलंय मी."

"वहिनी, मला आलेला मेल माझ्याकडे आहे. त्यात असं काही नाही."

"नाही कसं? यांनी मोठ्याने वाचून दाखवला होता. विचार सगळ्या मजल्याला."

राजेश जयवंतकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "दादा, तो मेल मी शंभर वेळा वाचलाय. त्यात बाबांचा आवाजच येत नाही. तुम्ही वाचून दाखवा ना. त्यांना दाखवला होता तसा."

जयवंतने लॅपटॉप उघडला. डोकं चालत होतं. आहे ते वाचायचं, आणि मग म्हणायचं, वाचून झाल्यावर काकांनीच बदलायला लावलं. वाक्य तयार होतं. कमलला ते पटेल. नवऱ्याच्या बोलण्यावर तिने कधी शंका घेतलेली नव्हती. राजेशला हळूहळू पटेल. त्याने मेल उघडला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. लाल रेघा गेल्या होत्या. मेल पांढरा स्वच्छ, जसा पाठवला तसा. मशीनने एकदाचा नाद सोडला होता.

राजेश उठून त्याच्या उजव्या खांद्याशी उभा राहिला, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून. कमल दाराला टेकून होती. डावीकडचं स्टूल रिकामं होतं.

जयवंतने पहिली ओळ डोळ्यांनी पकडली. 'राजू, इथे सगळं ठीक आहे.' तोंड उघडलं.

"राजू, माका बरा नाय."

आवाज त्याचाच होता, मोठा, ठार बहिऱ्याला ऐकू जाईल असा. तो ओठ मिटायला गेला, पण ओठ पुढच्या शब्दासाठी उघडलेले होते. "छातीत दुखता. काम सोड आणि ये." समोर 'घाई करू नकोस' दिसत होतं. त्याचे डोळे तेच वाचत होते, एकेका शब्दावर थांबत होते, आणि तोंड त्या दिवशीसारखंच दुसरं बोलत होतं. "माका तुका बघूचा आसा."

"हेच," कमल म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "अगदी हेच वाचलं होतं. आता तरी पटलं?"

राजेशने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचं बोट स्क्रीनवर होतं. पहिल्या शब्दाखाली टेकलेलं ते बोट ओळीखालून सावकाश सरकत शेवटापर्यंत गेलं, मग दुसऱ्या ओळीखालून.

"दादा, हे इथे नाही."

कमल दारापासून पुढे आली. ती चष्म्याशिवाय वाचू शकत नसे. तिने चष्मा लावला, वाकली आणि वाचलं. मग तिने चष्मा काढून नवऱ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. जयवंतला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्याचं तयार वाक्य अजून घशात होतं, पण तोंड उघडायची त्याला आता भीती वाटत होती. उजवीकडे राजेश, समोर कमल. कुणाच्या डोळ्याला डोळा भिडू नये म्हणून त्याने डावीकडे मान वळवली.

स्टुलाच्या फळीवर बुधवारच्या उन्हाची तिरीप पडलेली होती. उन्हात धूळ तरंगत होती आणि मध्येच एका जागी ती तरंगत नव्हती. तिथे, त्याच्या खांद्याच्या उंचीला, काहीतरी त्याच्याकडे कलतं होतं, ऐकायला वाकलेल्या माणसासारखं. टिक. टिक. झाकण लागलं नव्हतं. बरोबर, असं कुणी म्हणालं नव्हतं.

राजेशही तिकडेच बघत होता. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, मी उत्तर पाठवलं होतं. शिमग्याला येतो म्हणून. ते बाबांना कसं वाचून दाखवलंत?"

स्टुलाचे पाय फरशीवर करकरले आणि ते वीतभर जवळ सरकलं.

टिकटिक थांबली. जयवंतने दुसरा मेल उघडला आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो वाचू लागला, "अर्ज टाकलाय बाबा. सुट्टी मिळाली की निघतोच."